वासराचा वाटा

दिवाळीचा पहिला दिवा आमच्या घरी गोठ्यात लागायचा. खटाव तालुक्यातलं माळावरचं गाव, पाऊस बेताचा, गोठ्यात एक खिलार गाय, हरणी, आणि दोन म्हशी. वसुबारसेच्या संध्याकाळी आई पदर खोचून गोठ्यात जायची. हरणीच्या खुरांवर पाणी घालायची, कपाळाला हळदकुंकू लावायची, गळ्यात झेंडूची माळ, पुढ्यात गूळ आणि बाजरीच्या पिठाचा उंडा. आणि मग वासराचं दावं सोडायची.

एरवी वासराला धरायचं काम माझं होतं. त्याला दोन घोट पिऊ द्यायचे आणि गायीनं पान्हा सोडला की ओढून बाजूला बांधायचं. सगळा जोर लावून कासेकडे मान वळवणारं ते वासरू माझ्या हातांना अजून आठवतं. वसुबारसेला मात्र त्याला कुणी ओढत नसे. ढुशा देत, शेपूट उडवत, तोंडाला फेस येईस्तोवर ते प्यायचं आणि हरणी मान वळवून त्याची पाठ चाटत उभी राहायची.

त्या दिवशी आई दूध, दही, तूप कशालाच शिवत नसे. गहू आणि मूगही वर्ज्य. उपास सोडायचा तो बाजरीच्या भाकरीवर आणि गवारीच्या भाजीवर. गवार कोवळी, हातानं मोडलेली, वर दाण्याचं जाडसर कूट. भाकरीबरोबर ताक का नाही, असं मी एकदा विचारलं. आई म्हणाली, "आजचं दूद वासराचं हाय. वरीसभर त्याच्या वाटणीचं आपुन खातो."

तिनं ते सहज सांगितलं, भाकरी थापता थापता. मी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दावं ओढायला गेले.

त्या बोलण्याशी माझी पुन्हा गाठ पडली ती चार वर्षांपूर्वी, माघात. गावी गेले होते. आता हरणी नाही, म्हशी नाहीत. धाकट्या भावानं सिमेंटच्या कोब्याचा, पत्र्याच्या छताचा मोठा गोठा बांधलाय. त्यात आठ काळ्या-पांढऱ्या संकरित गायी, धारा यंत्रानं निघतात. मी पोचले त्या संध्याकाळी त्यातली एक व्यायली. भाऊ हातपाय धुऊन आला, ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "खोंड झालं, अक्का."

लहानपणी खिलारीला खोंड झालं की घरात आनंद मावायचा नाही. तो उद्याचा बैल असायचा. आता नांगरट ट्रॅक्टरची. राज्यात 2015 पासून बैल कापायला बंदी, त्यामुळे शेतातही काम नाही आणि बाजारातही गिऱ्हाईक नाही, अशी संकरित खोंडाची गत. ते मोठं होईपर्यंत जेवढं दूध पिणार, तेवढं डेअरीला कमी जाणार. कालवडच होईल असं रेतन मिळतं, पण त्याला पैसे जास्त पडतात आणि दर वेळी गाय गाभ राहीलच असं नाही. डेअरीवर फॅट साडेतीन आणि एसएनएफ, म्हणजे फॅटखेरीजचा घन भाग, साडेआठ लागलं तर ठरलेला दर, खाली गेलं की पॉइंटामागं कपात. 2018 च्या जुलैत दूधदरासाठी राज्यभर आंदोलन झालं, रस्त्यावर दूध ओतलं गेलं, तेव्हा माझा भाऊही चौकात उभा होता. ज्या हिशेबात त्या खोंडाला जागा नव्हती, तो हिशेब माझ्या भावानं मांडलेला नव्हता. त्याला फक्त तो रोज पहाटे पाच वाजता उठून पाळावा लागत होता.

चीक पाजून झाल्यावर वासराला गोठ्याच्या पलीकडच्या टोकाला, पोत्यावर, गायीच्या नजरेआड ठेवलं. रात्रभर गाय हंबरत होती. मोठ्यानं नाही. खालच्या आवाजात, थांबून थांबून, प्रत्येक वेळी उत्तराची वाट बघितल्यासारखं. पलीकडून मधूनच एक बारीक आवाज यायचा. मी पडवीत जागी होते. चाळीस वर्षांपूर्वी दावं ओढणारे हात माझेच होते, हे त्या अंधारात मला कुणी सांगायला नको होतं.

सकाळी वहिनीनं खरवस केला. पहिल्या चिकाचा, गुळाचा, जायफळ आणि वेलची घातलेला. सुरी फिरवल्यावर वडीच्या कडेनं गुळाचं पाणी सुटलेलं. खरवस म्हणजे माझा जीव की प्राण, हे वहिनीला माहीत होतं, म्हणून तिनं सगळ्यांच्या आधी वाटी मला दिली. मी चमचा वडीत रुतवला आणि गोठ्यातून पुन्हा तो आवाज आला. वाटी मी तशीच खाली ठेवली. वहिनीचं मन मोडू नये म्हणून पोट बरं नाही असं सांगितलं. ते खोंड नवव्या दिवशी हगवणीनं गेलं. भावानं त्याला बाटलीनं पाजलं होतं, डॉक्टर बोलावला होता. फोनवर हे सांगताना त्याचा आवाज फाटत होता. मी कुणा शेतकऱ्याकडे बोट दाखवत नाही. दाखवायचंच तर रोज सकाळी माझ्या दारात येणाऱ्या दुधाच्या दोन पिशव्यांकडे दाखवावं लागेल. दुसऱ्या दिवसापासून मी त्या बंद केल्या.

जे करायचं मी ठरवलं, त्याला आपल्याकडे धड शब्दही नाही. इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी 1944 साली 'व्हीगन' हा शब्द घडवला. शाकाहारी माणसासाठी असलेल्या इंग्रजी शब्दाचं डोकं आणि शेपूट त्यांनी जोडलं. दूध न घेणाऱ्यांना तेव्हा तिथंही वेगळं नाव नव्हतं. आपल्याकडे 'शुद्ध शाकाहारी' म्हटलं की दूध-तूप त्यात धरलेलंच असतं. आमचं घर माळकरी. अंडी-मटण या घरात कधी शिजलं नाही, आणि म्हणून आपल्या ताटात कुणाचं दुःख नाही अशी माझी खात्री होती. आईनं माझ्या नव्या जेवणाला पहिल्याच आठवड्यात नाव देऊन टाकलं, 'बिनदुधाचं'. मी तेच वापरते.

पहिले दोन महिने वाईट गेले. सगळ्या दुकानांत मी दुधाची जागा भरणारं काहीतरी शोधत होते. बदामाचं दूध आणलं, चहा राखाडी आणि पातळ झाला. सोयाचं दूध कढत चहात घातलं की फुटायचं. टोफूची मटर-पनीरसारखी भाजी केली, काजूचं चीज आणलं, एका बरणीचे पैसे बघून नवरा काही बोलला नाही, पण मला ते खुपलं. खोट त्या पदार्थांत नव्हती. चीन-जपानात टोफू शेकडो वर्षं मानानं खाल्ला जातो. मी त्याला पनीरच्या जागेवर बसवत होते. गेलेल्या माणसाच्या खुर्चीवर दुसऱ्याला बसवलं की त्या बिचाऱ्याकडे कुणी नीट बघत नाही, सगळे गेलेल्यालाच शोधत राहतात. माझ्या ताटाचं तसं झालं होतं. जेवण झालं की पोट भरायचं, आणि तरी काहीतरी उरलंय असं वाटत राहायचं.

एका रात्री आईचा फोन आला. मी खंगले असेन या काळजीनं ती ओरडणार, अशी माझी तयारी होती. तिनं आधी विचारलं, काय खातेस. मी सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आगं, म्या कवा दूद पिलं? दूद डेरीला जायचं. आमाला कोरा च्या. मी काय मेले व्हय?"

मी फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसून राहिले. आई पन्नास वर्षं धारा काढत होती, आणि तिच्या ताटात मी दूध कधी पाहिलं होतं? डेअरीचा पैसा दर दहा दिवसांनी यायचा. त्यातून आमच्या वह्या, भावाची फी, किराणा. घरात राहायचं ते थोडं आजोबांच्या चहाला आणि आम्हा पोरांना. ताक झालं तर आधी पुरुषांच्या पंगतीला. आई चुलीपुढं शेवटी बसायची. तिच्या पुढ्यात भाकरी, कोरड्यास, चटणी आणि कांदा. दूध-दुभतं म्हणजे आपलं परंपरेचं अन्न असं आपण म्हणतो, पण ते कुणाच्या ताटातलं, हे विचारत नाही. दुधाचा महापूर ही योजना 1970 साली सुरू झाली, तेव्हा देशात माणशी दिवसाला एकशे दहा ग्रॅमच्या आसपास दूध येत होतं. आज तो आकडा साडेचारशेच्या वर गेलाय. ही सरासरी. तेव्हाचे ते एकशे दहा ग्रॅमही सगळ्यांना सारखे वाटले गेले नव्हते.

मला गरिबीचे गोडवे गायचे नाहीत. आईला निवड नव्हती, मला आहे, आणि हा फरक मी रोज लक्षात ठेवते. पण तिच्या ताटात जे होतं ते कमअस्सल नव्हतं. उलट, दुधावाचून जेवण चवदार कसं करायचं, ही विद्या तिच्याकडे आणि तिच्यासारख्या बायकांकडेच होती. मी चुकीच्या दुकानात उभी होते.

मग मी आईच्या हाताखाली नव्यानं शिकले, बरंचसं फोनवर.

पहिला पदार्थ वाघ्या घेवड्याचा. आमच्या शेजारच्या कोरेगाव तालुक्यातला हा घेवडा, याला आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. दाण्यावर तांबड्या रेघा असतात, म्हणून वाघ्या. रात्री भिजत घालायचा आणि सकाळी कुकरच्या शिट्ट्या न करता पातेल्यात मंद आचेवर शिजवायचा. शिजता शिजता रेघा विरतात, त्यांचा रंग पाण्यात उतरतो आणि आमटी फिकट तांबूस होते. वाटण कांदा-खोबऱ्याचं. कांदा अख्खा, सालीसकट जाळावर धरायचा, वरची साल काळी पडून आतून रस सुटेपर्यंत. सुकं खोबरंही तसंच, कडा जळू लागेतो. लसूण, कोथिंबीर, घरचा कांदा-लसूण मसाला. सगळ्यात महत्त्वाचं आई शेवटी सांगते आणि दर वेळी नव्यानं सांगते, दोन पळ्या घेवडा बाजूला काढून पळीनंच रगडायचा आणि परत घालायचा. त्यानं आमटीला जे अंग येतं, ते कुठल्याही सायीनं येणार नाही. गरम ज्वारीची भाकरी कुस्करून त्यावर ही आमटी ओतली, मीठ बघितलं, आणि पहिल्या घासाला डोळे मिटले. दोन महिन्यांत पहिल्यांदा ताटात कशाचीही उणीव नव्हती.

त्यानंतर वाट सापडत गेली. कारळे कढईत तडतडेपर्यंत भाजून लसूण-मिरचीबरोबर खलबत्त्यात कुटले की त्यांचं तेल सुटतं आणि चटणी काळीभोर, ओलसर होते. भाकरीवर ती चटणी आणि लाकडी घाण्याचं करडईचं तेल. थंडीत हुलग्याचं माडगं, आलं आणि गूळ घालून, वाफ तोंडावर घेत पिण्याचं. भोगीची भाजी तर आपल्याकडे आहेच, सोलाणे, पावटा, वांगी, गाजर, बोरं, तिळाच्या कुटात मिळून आलेली. पुरणपोळीबरोबर आमच्याकडची येळवणी, कटाची ती पातळ, झणझणीत आमटी. मिसळ, कांदेपोहे, थालीपीठ, पिठलं, ठेचा, भरली वांगी, यांना मी नव्यानं काय सांगणार. ती तशीच होती, माझं लक्ष नव्हतं.

सासर माझं कोकणात, कुडाळचं, आणि गोडाधोडाचा प्रश्न तिथं सुटला. खीर, श्रीखंड, बासुंदी गेल्यावर सण कसे करायचे याची मला चिंता होती. उन्हाळ्यात गेले तेव्हा सासूबाईंना मी भीत भीतच सांगितलं. त्या म्हणाल्या, "उद्या शिरवाळे करूया."

शिरवाळ्यांना दोघी लागतात. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, तिचे मुठीएवढे मुटके वळायचे, ते उकळत्या पाण्यात सोडायचे. वर तरंगले की निथळून लगेच साच्यात. गार झाला तर मुटका साच्यातून उतरत नाही, म्हणून हात भाजले तरी थांबायचं नाही. साचा लाकडी, दाबायला दोन्ही हातांचा जोर लागतो. सासूबाई मुटके उचलून देत होत्या, मी दाबत होते, आणि खाली केळीच्या पानावर पांढऱ्या, ओल्या शेवयांचं वेटोळं पडत होतं. दुसऱ्या बाजूला ताज्या खोवलेल्या नारळाचा पहिला घट्ट रस पिळून ठेवलेला. त्यात गूळ, वेलची आणि मिठाचा कण. हा रस उकळायचा नाही. वाटीत गरम शिरवाळे, वर तो तपकिरी, गार रस. नारळाच्या रसाला दुधासारखा ओशटपणा नाही. त्याचा गोडवा जिभेवर पसरतो आणि मागं ओल्या खोबऱ्याचा वास ठेवून जातो. मी तीन वाट्या खाल्ल्या.

यात दुधाचा थेंब नाही हे सासूबाईंच्या कधी मनातही आलं नव्हतं. मी तसं म्हटल्यावर त्या चकित झाल्या. "दूध खंय होता आमच्याकडे? माड होते." कोकणातली गाय अंगानं लहान, कातळावरच्या गवतावर जगणारी, दिवसाला जेमतेम दोनेक लिटर देणार. मग देवाच्या नैवेद्यापासून बाळंतिणीच्या जेवणापर्यंत सगळीकडे नारळ. खापरोळ्या नारळाच्या रसात बुडवून, पातोळ्यांच्या पोटात नारळाचा चव, जेवणाच्या शेवटी आमसुलाच्या गुलाबी रंगाची सोलकढी. दुधाची जागा भरायला म्हणून हे पदार्थ जन्मालाच आले नाहीत. म्हणून ते खाताना कशाची आठवणही येत नाही.

आठवण येते ती दोन गोष्टींची. वरणभातावरच्या साजूक तुपाला माझ्याजवळ आजही काही उत्तर नाही, आणि खोटं बोलून मला हे लिहायचं नाही. दुसरी दह्याची होती, ती मात्र सुटली. वाटीभर शेंगदाणे रात्री भिजवायचे, सालं काढून तीन वाट्या पाण्यात वाटायचे, फडक्यातून गाळायचे आणि ते पांढरं पाणी सतत ढवळत उकळायचं. कोमट झालं की त्यात हिरव्या मिरचीची आठ-दहा देठं टाकायची, टोपीसकट. देठांवर विरजणाचे जिवाणू असतात. उन्हाळ्यात आठ तासांत, थंडीत बारा-चौदा तासांत ते लागतं. पहिल्यांदा झाकण उघडून चमचा घातला आणि तो उभा राहिला, तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात हसले. पुढच्या वेळी देठं लागत नाहीत, आधीचं दही पुरतं. याला शेंगदाण्याचा किंचित वास राहतो. कोशिंबिरीत तो शोभून दिसतो, आणि कढीपत्ता, आलं, मेथीदाण्याची फोडणी दिल्यावर कढी अशी होते की आमच्याकडे पाहुण्यांनी परत मागून घेतली.

तब्येतीचं बोलायला हवं, कारण मला सगळे तेच आधी विचारतात. मी पंचेचाळिशीच्या पुढची बाई, हाडांची काळजी मलाही आहे. शंभर ग्रॅम दुधात कॅल्शियम सव्वाशे मिलिग्रॅमच्या आतबाहेर, तेवढ्याच नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, तिळात हजाराच्या वर. त्यातलं सगळंच अंगी लागतं असं नाही, म्हणून मी दोन्ही नेमानं खाते. बी-12 ची गोष्ट वेगळी. ते जिवाणू तयार करतात, वनस्पतीतून ते भरवशानं मिळत नाही, आणि बिनदुधाचं खाणाऱ्यानं त्याची गोळी घेतलीच पाहिजे. यात श्रद्धेला जागा नाही. माझं बी-12 दूध पीत असतानाही कमीच होतं. आता गोळी घेते, वर्षातून एकदा रक्त तपासते.

या गोळीकडे बघताना मला गांधीजी आठवतात. कलकत्त्यात गायी-म्हशींना दूध सोडायला लावण्यासाठी फुंक्याची जी क्रूर रीत होती, ती कळल्यावर दुधाबद्दलचा त्यांचा तिटकारा वाढला. दूध त्यांनी सोडलं. 1918 साली खेडा जिल्ह्यात आमांशानं ते मरणाच्या दारात गेले. हवापालटासाठी माथेरानला आले, तिथलं पाणी सोसलं नाही, मुंबईला परतले. डॉक्टर म्हणाले, दुधावाचून शरीर भरणार नाही. शेवटी कस्तुरबांनी वाट काढली. व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, मग शेळीचं दूध चालेल. ते प्यायले. पण आपण व्रताचा शब्द पाळला आणि आत्मा सोडला, हा सल त्यांनी 'सत्याचे प्रयोग'मध्ये उघड लिहून ठेवलाय. गांधीजी गेले त्याच 1948 साली बी-12 वेगळं काढण्यात शास्त्रज्ञांना यश आलं. त्यांच्या दुखण्याचा आणि या जीवनसत्त्वाचा संबंध मी जोडत नाही. पण ज्या प्रश्नावर ते एवढे तळमळले, तो मला काही रुपयांच्या गोळीनं सोडवता येतो, ही माझ्या काळाची कृपा आहे आणि ती मी मानते.

अवघड आहे ते माणसांचं. आपल्याकडे दूध माया म्हणून दिलं जातं. कुणाच्या घरी गेलं आणि चहा नको म्हटलं की समोरच्या बाईचा चेहरा उतरतो. कोराच करा म्हटलं की तिला आणखी वाईट वाटतं, कारण कोरा चहा गरिबाघरचा, पाहुण्याला तो कसा द्यायचा. आता मी आधीच सांगते, घरात गवती चहा आहे का, तो आल्याबरोबर उकळून द्या. मग ती उठून कुंडीतून पात तोडते, आपल्या घरचं काहीतरी दिल्याचं समाधान तिला मिळतं आणि मलाही.

एकदा नियम मोडला. गावचा सप्ताह, काल्याचं कीर्तन. हंडी फुटली, लाह्या, पोहे, दही एकत्र केलेला काला वाटायला नव्वदीतले एक माळकरी आजोबा रांगेनं आले. माझे वडील असते तर त्यांच्याच वयाचे असते. थरथरत्या हातानं त्यांनी माझ्या तळहातावर गोळा ठेवला आणि सवयीनं माझ्या पाया पडायला वाकले. काला देणाराही वाकतो, घेणाराही. मी तो खाल्ला. त्या क्षणी दुसरं काही करणं मला शक्य नव्हतं, आणि त्याचा पश्चात्तापही मला झालेला नाही.

गेल्या वसुबारसेला मी मुद्दाम गावी गेले. गोठ्यात आता सहाच गायी. आई अठ्ठ्याहत्तरची झालीय, गुडघे दुखतात, तरी पदर खोचून दिवा घेऊन निघालीच. भावानं त्या संध्याकाळी नव्यानं व्यायलेल्या गायीला यंत्र लावलं नाही. कालवड सोडली. बाटलीची सवय झालेली ती आधी गोंधळली, गायीच्या पुढच्या पायांत शोधू लागली. भावानं तिची मान हळूच कासेकडे वळवली. मग ढुशी, आणि मग तोच आवाज, ओल्या तोंडाचा, मला ओळखीचा. गाय तिची पाठ चाटू लागली.

"समद्यांनी तुझ्यावानी केलं, तर आमी काय करायचं, अक्का?" भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरंच विचारत होता. मी त्याला कडधान्यांचं बोलले, घेवड्याचं बोलले, आमच्या माळाला येईल अशा करडईचं बोलले. तो ऐकत होता. पण दर दहा दिवसांनी घरात पैसा देईल असं पीक मला त्याला दाखवता आलं नाही. आम्ही दोघं कालवडीकडे बघत राहिलो.

रात्री बाजरीची भाकरी, गवार. आईनं कूट तसंच जाडसर ठेवलं होतं.

पहाटे यंत्राच्या आवाजानं जाग आली. भाऊ कॅन मोटारसायकलला बांधून डेअरीला गेला. आईनं चहा टाकला. आल्याचा, गुळाचा. एक पेला तिनं तसाच गाळून माझ्यापुढं ठेवला. मग स्वतःच्या पेल्यात तिनं दूध ओतलं, अर्धा पेला, वर चमच्यानं साय सोडली. मी बघतेय हे तिला दिसलं.

"मला आत्ता कुठं मिळतंय," ती म्हणाली. "मी घेणार."

"घे की," मी म्हटलं.

आम्ही ओट्यावर बसलो. तिचा पेला पांढुरका, माझा तांबडा. दोघीही फुंकर मारत होतो. गोठ्यात कालवडीला बाटली द्यायची वेळ झाली होती. पेला संपवून ती द्यायला मी उठले.